व्हिक्टोरियन काळातला चामड्याने मढवलेला खिशातला फ्लास्क : नेमका किती जुना, आणि आता त्याचं काय करावं?

सातारी_लीड्समध्ये

नमस्कार मंडळी. इथे जुन्या वस्तूंचे जाणकार बरेच आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

न्यूअर्कला, नॉटिंगहॅमशायरमध्ये, जुन्या वस्तूंची मोठी जत्रा भरते. तिथे एक फ्लास्क घेतला. फोटो नीट चढत नाहीयेत, म्हणून सविस्तर वर्णन करते.

तळहातात मावेल एवढा, चपटा आणि लंबगोल. आतली बाटली काचेची. वरच्या अर्ध्या भागाला तपकिरी चामडं घट्ट बसवलेलं आहे, त्यावर मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले. चामड्यात एका बाजूने उभी, लांबट खिडकी कापली आहे. तिच्यातून काच दिसते, म्हणजे आत किती उरलंय ते न उघडता कळतं. खालच्या अर्ध्या भागावर चांदीसारख्या धातूचा पेला चढवलेला आहे. ओढला की निघतो, आणि तोच प्यायचा पेला. पेल्याच्या आत सोनेरी मुलामा. तो तळाशी आणि काठाच्या एका बाजूला उडाला आहे. झाकण बिजागरीचं. पाव वळसा दिला की खटकन मोकळं होतं आणि बिजागरीवर लटकतं. झाकणाच्या आत बुचाची चकती होती, तिचा नुसता चुरा उरलाय.

पेल्याच्या तळावर चार छोट्या ढालींमध्ये एकेक अक्षर : ई, पी, एन, एस. खाली ‘१/४ पिंट’, आणि ‘आर डी’ असं लिहून २३१ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक. बनवणाऱ्याचं चिन्ह घासून गेलंय. पेल्यावर बाहेरून दोन अक्षरं एकमेकांत गुंफून कोरली आहेत.

विकणारा म्हणाला, चांदी आहे, मगरीचं कातडं आहे, १८६० च्या आसपासचा आहे. घासाघीस करून पंचावन्न पौंडांना दिला.

माझे बाबा साताऱ्याला असतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. दारूला कधी शिवले नाहीत, पण अशी झाकणं, बिजागऱ्या, चपखल बसणारे भाग दिसले की हरखून जातात. त्यांना द्यायचा आहे. काळजी एकच, चामड्याला हात लावला की बोटाला तांबूस भुकटी लागते. तेल लावू का? आणि विकणाऱ्याचं कितपत खरं मानायचं?

---

ठसेवाचक

चामड्याचं जाणकार सांगतील, मी धातूपुरतं बोलतो.

चांदी नाही. ई पी एन एस म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं जर्मन सिल्व्हर : तांबं, निकेल आणि जस्त, नावापुरतीही चांदी नाही. अक्षरं वेगवेगळ्या ढालींत ठोकण्याची पद्धत मुद्दाम तशी, लांबून बघणाऱ्याला चांदीचे ठसे वाटावेत म्हणून.

खऱ्या इंग्लिश चांदीवर चालता सिंह असतो, म्हणजे ९२.५ टक्के चांदीची हमी. सोबत गावाची खूण : लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, शेफील्डला तेव्हा मुकुट. मग वर्षाचं अक्षर, आणि १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राणीचा मुखवटा. बर्मिंगहॅम आणि शेफील्डची तपासणी कचेरी १७७३ सालच्या एकाच कायद्याने सुरू झाली. यातलं काहीच तुमच्या पेल्यावर नाही, त्यामुळे प्रश्न मिटला.

आता सालाचं. तुमच्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट आहे तो ‘आर डी’ क्रमांक. आर डी म्हणजे ‘रजिस्टर्ड’, वस्तूच्या नमुन्याची (डिझाइनची) सरकारी नोंदणी. १८४२ ते १८८३ नोंदवलेल्या नमुन्यांवर पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण ठोकत. १८८४ च्या जानेवारीपासून एकपासून सलग क्रमांक सुरू झाले. १८९४ च्या सुरुवातीला २,२४,७२० आणि १८९५ च्या सुरुवातीला २,४६,९७५ हा आकडा आला होता. २३१ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक म्हणजे नमुना १८९४ मध्ये नोंदवला गेला. १८६० चा असणं शक्यच नाही.

पण लक्षात घ्या, ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची आहे. १८८३ च्या कायद्याने नमुन्याला पाच वर्षं संरक्षण मिळायचं, माल मात्र पुढेही तोच नंबर ठोकून निघत राहायचा. म्हणजे तुमचा फ्लास्क १८९४ च्या आधीचा नक्की नाही, आणि राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, तोवर सहज झालेला असू शकतो. कुठे ‘इंग्लंड’ असा शब्द ठोकलेला दिसतो का? १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण असेल तर बहुधा विसावं शतक.

---

सातारी_लीड्समध्ये

‘इंग्लंड’ कुठेच नाही, भिंगाने पाहिलं. मुलामा उडालाय तिथे खालचा धातू पिवळसर करडा दिसतो.

---

ठसेवाचक

तेच हवं होतं. तांबडा दिसला असता तर तांब्यावर चांदीचा पत्रा चिकटवलेलं जुनं शेफील्ड प्लेट म्हणावं लागलं असतं. ते तंत्र १७४० च्या दशकात थॉमस बोल्सोव्हरने शेफील्डमध्ये काढलं. विजेच्या मुलाम्याने त्याचा धंदा बसवला.

नमुना कोणी नोंदवला हे शोधायचं असेल तर पूर्ण क्रमांक घेऊन लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जा. १८८४ नंतरच्या नमुन्यांची नोंदणीबुकं तिथे आहेत. मालकाचं नाव मिळेल. विकणारे सरसकट ‘जेम्स डिक्सन अँड सन्स’ म्हणतात, कारण शेफील्डचं ते घराणं फ्लास्कसाठी नावाजलेलं होतं आणि नाव लागलं की किंमत वाढते. त्यांचा कर्ण्याचा छाप दिसल्याशिवाय मी मानणार नाही.

---

टेम्सकाठी

फार सुंदर वस्तू मिळाली तुम्हाला. मला असा फ्लास्क दिसला की तो कुणाच्या खिशात होता त्यापेक्षा त्याला तो खिशात ठेवावा का लागला, हे जास्त खुणावतं.

या माणसाला प्रवास करायचा आहे, आणि तोही इंग्लंडच्या हिवाळ्यात, आगगाडीने. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत डब्याला वाफेची ऊब नव्हती. स्टेशनवर हमाल गरम पाण्याने भरलेले पत्र्याचे चपटे डबे आणून देत, ते पायाखाली घ्यायचे. दोन तासांत पाणी गार. एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाटही नव्हती. पूर्ण आरपार वाट असलेली गाडी ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीने १८९२ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टनहून बर्कनहेडच्या मार्गावर सोडली. एकदा डब्यात बसलात की पुढचं स्टेशन येईपर्यंत तुम्ही, तुमचे सहप्रवासी आणि तुमचा खिसा. स्विंडनला गाड्या खाण्यासाठी दहा मिनिटं थांबत, आणि त्या दहा मिनिटांत अख्खी गाडी एकाच काउंटरवर तुटून पडे. तो सक्तीचा थांबा १८९५ मध्ये बंद झाला.

धागाकर्ती लीड्सच्या आहेत म्हणून मुद्दाम सांगतो : इंग्लंडातला पहिला जेवणाचा डबा १ नोव्हेंबर १८७९ रोजी लीड्स ते लंडनचं किंग्ज क्रॉस याच मार्गावर धावला. पण तो पहिल्या वर्गाच्या, वेगळे पैसे मोजणाऱ्या प्रवाशांसाठी. बाकीच्यांनी सँडविचचा डबा आणि फ्लास्क घेऊन निघायचं.

दुसरा गिऱ्हाईक शिकारीला जाणारा. कोल्ह्याच्या शिकारीला घोड्यावरून जाणारे लोक खोगिराला चामड्याच्या म्यानात काचेची लांबट बाटली अडकवत, जोडीला सँडविचचा पत्र्याचा डबा. पाव वळशाच्या झाकणाची किंमत तिथे कळते. हातात मोजा, घोडा हलतोय, एकच हात मोकळा. आट्यांचं झाकण तीनचार वळसे मागतं, आणि हातून निसटलं तर गवतात गेलं. हे पाव वळशात उघडतं आणि बिजागरीमुळे जाग्यावरच राहतं. तुमच्या वडिलांना ही गोष्ट नक्की आवडेल.

---

काळाघोडा

एक छोटी भर. हे फ्लास्क मुंबईतही रीतसर विकले जायचे. सैन्यातल्या आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी घाऊक भावाने माल मिळावा म्हणून १८७१ मध्ये लंडनला आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढली. तिची शाखा मुंबईत १८९१ ला आली. काळाघोड्याची ती इमारत आजही उभी आहे, रोज हजारो लोक तिच्यासमोरून जातात. त्यांच्या जाडजूड सूचिपत्रांत तंबूपासून फ्लास्कपर्यंत सगळं मिळे. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अजून अधूनमधून असे फ्लास्क दिसतात, बहुतेकांचा पेला हरवलेला असतो. तुमचा पेल्यासकट आहे, जपा.

---

सेलूची_माती

धागा वाचला. माहिती चांगली आहे, पण मनापासून एक प्रश्न विचारते. मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे दारूबंदी आहे, आणि ती का मागावी लागली हे मी घरात पाहिलं आहे. दारूच्या भांड्याचं एवढं कौतुक करताना त्या काळात तिकडे दारूने काय केलं होतं, त्याचा उल्लेखही होऊ नये का?

---

टेम्सकाठी

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर या फ्लास्कच्या काळातच आहे.

संपूर्ण दारूमुक्तीची चळवळ तिकडे कामगारवस्त्यांतून उभी राहिली. लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावात १ सप्टेंबर १८३२ रोजी जोसेफ लिव्हसी आणि आणखी सहा जणांनी कुठलीही मादक पेयं न पिण्याची शपथ सही करून घेतली. लिव्हसी चीजचा व्यापारी, लहानपणी हातमागावर राबलेला. मुलांना लहान वयातच शपथ देणारी ‘बँड ऑफ होप’ ही संघटना १८४७ मध्ये लीड्सलाच सुरू झाली. लंडनमध्ये १८७३ ला टेम्परन्स हॉस्पिटल उघडलं, रोग्यांना दारूशिवाय बरं करता येतं हे दाखवायला.

हे दाखवावं का लागलं? कारण डॉक्टरच ब्रँडी देत. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे रॉबर्ट बेंटली टॉड यांनी तापाच्या रोग्याला ठरावीक वेळाने ब्रँडी पाजण्याचा उपचार रूढ केला. भोवळ आली, थंडी भरली, अपघात झाला, की पहिली ब्रँडी. त्यामुळे असे पाव पिंटाचे, म्हणजे जेमतेम १४० मिलिलिटरचे, फ्लास्क पुष्कळ घरांत औषध म्हणून ठेवलेले असत. पुढे वैद्यकाने तो समज टाकून दिला. दारूने रक्तवाहिन्या पसरतात, क्षणभर ऊब वाटते आणि शरीर उलट जास्त गार पडतं.

तेव्हा तुमचं म्हणणं धाग्याच्या बाहेरचं मुळीच नाही.

---

सेलूची_माती

धन्यवाद. बँड ऑफ होप लीड्सची होती हे माहीत नव्हतं. सातारी ताई, बाबांना देताना फ्लास्कबरोबर हेही सांगा.

---

सातारी_लीड्समध्ये

नक्की सांगेन. बाबांना हेच जास्त भावेल बहुतेक.

---

जुनी_बांधणी

मी ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीचं जतन करते. तुमची तांबूस भुकटी वाचली आणि लिहायला बसले.

तेल लावू नका. खोबरेल नको, एरंडेल नको, बुटाचं पॉलिश नको, खोगिराचा साबण तर अजिबात नको.

ही भुकटी म्हणजे चामडं ‘कोरडं’ झालंय असं नाही, ते आतून सडलंय. इंग्रजीत याला रेड रॉट म्हणतात. वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या कातड्याला हा रोग होतो. व्हिक्टोरियन घरांत गॅसचे दिवे आणि दगडी कोळशाच्या शेगड्या; दोन्हींतून गंधकाचा वायू निघतो. कातडं तो शोषून घेतं, आणि आतल्या आत गंधकाम्ल तयार होतं. ते कातड्याचे धागे तोडत जातं. शेवटी वरचा थर पिठासारखा गळतो. तुटलेले धागे तेलाने जुळत नाहीत. तेल फक्त भुकटीत मुरतं, चामडं काळं आणि चिकट होतं, धूळ धरतं, आणि आपल्या हवेत त्यावर बुरशी येते.

आता यातला आपल्या मातीशी जोडलेला भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुस्तकांच्या बांधण्या इतक्या झपाट्याने गळू लागल्या की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ मध्ये आला. समितीला दिसलं की सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांनी कमावलेली जुनी कातडी टिकली आहेत, आणि नवी, स्वस्त, झटपट कमावलेली गळताहेत. सर्वांत वाईट ठरलेल्यांत हिंदुस्थानातून जाणारी, ‘पर्शियन’ नावाने विकली जाणारी शेळ्यामेंढ्यांची कातडी होती. ती ज्या सालीने कमावत तिला अहवालात ‘तुरवार’ म्हटलंय. म्हणजे आपला तरवड! दुष्काळी माळावर पिवळाजर्द फुलणारा, नवरात्रात घटाला ज्याच्या फुलांची माळ घालतात तोच. त्याच्या सालीतली द्रव्यं गंधकाचा वायू फार लवकर धरतात. आपल्याकडे मोटेला आणि वहाणेला तीच कातडी उत्तम चालत होती, कारण ती वापरून संपायची आणि कोळशाच्या धुरात शंभर वर्षं पडून राहायची नव्हती. दोष झाडाचा नाही, भलत्या ठिकाणी वापरण्याचा. तुमच्या फ्लास्कचं कातडं तरवडाचंच असेल असं म्हणत नाही. हा रोग त्याच कुळातल्या इतर साली वापरलेल्या कातड्यांनाही होतो.

आता करायचं काय. आधी तपासा : पांढऱ्या सुती फडक्याने एका कोपऱ्यावर हलकेच टेका, घासू नका. फडकं विटकरी झालं तर रेड रॉट. मऊ कोरड्या ब्रशने सुटी भुकटी झटका. मग हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, बाजारात ‘क्लुसेल जी’ नावाने मिळतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक ते दोन टक्के इतकं पातळ करून मऊ ब्रशने लावा. अल्कोहोल उडून जातं, पदार्थ धाग्यांत बसतो, भुकटी गळणं थांबतं. चामडं बरं होत नाही, पण आहे तसं धरून ठेवलं जातं. आधी खिडकीच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी करून बघा. काही चामडी थोडी गडद होतात. पाणी लागू देऊ नका. रेड रॉटच्या चामड्यावर पाण्याचा थेंब पडला की तिथे कायमचा काळा, कडक डाग.

आणखी एक. चामडं आणि धातू जिथे भिडतात तिथे हिरवट मेणासारखं काही साचलंय का? चामड्यातली चरबी आणि धातूतलं तांबं यांची ती रासायनिक घाण. लाकडी दातकोरणीने अलगद खरवडा. लोखंडी सुई वापरू नका.

---

गवतीचहा

तरवडाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या माणमध्ये बांधाबांधावर आहे. वाचनखूण साठवली.

---

सातारी_लीड्समध्ये

तुम्ही सगळे किती मनापासून लिहिताय. फडकं विटकरी झालं, म्हणजे निदान बरोबर. खिडकीच्या कडेला हिरवट आहे, पण थोडंच.

मगरीचं काय? विकणाऱ्याने त्याचेच पैसे जास्त लावले असावेत असं आता वाटतंय.

---

जुनी_बांधणी

भिंग घ्या आणि दोन गोष्टी बघा. खऱ्या मगरीच्या खवल्यावर, बहुधा कडेजवळ, टाचणीने टोचल्यासारखा एक बारीक ठिपका असतो. तो तिचा स्पर्श ओळखणारा अवयव. अ‍ॅलिगेटरच्या (हा मगरीचाच भाऊबंद) अंगावरच्या खवल्यांना तो नसतो. दुसरं म्हणजे खऱ्या कातड्यात कुठलेही दोन खवले तंतोतंत सारखे नसतात, आणि खवल्यांमधल्या घडीत बारीक सुरकुत्या असतात. वासराच्या कातड्यावर तापलेल्या साच्याने खवले दाबले असतील तर नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते, आणि खवल्याच्या सपाट भागावर केसांची बारीक छिद्रं दिसतात.

---

सातारी_लीड्समध्ये

दुपारी खिडकीजवळ बसून पाहिलं. छिद्रं आहेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एकसारखी पसरलेली. आणि पुढच्या बाजूला एक तिरकस खवला आहे, कोपरा मोडल्यासारखा. तोच मागच्या बाजूलाही आहे, तसाच मोडलेला. म्हणजे साचा.

---

ठसेवाचक

वासराचं. यात वाईट वाटून घेऊ नका. मध्यमवर्गीय गिऱ्हाइकासाठी असा माल भरपूर निघायचा, मुलाम्याचा पेला आणि दाबलेले खवले दोन्ही त्याच हिशोबाचे. बर्मिंगहॅमजवळचं वॉल्सॉल हे गाव खोगीर आणि चामडी वस्तूंसाठी प्रसिद्ध होतं. तिथलं चामड्याचं संग्रहालय तुम्हाला बघण्यासारखं आहे.

उलट भारतात आणायच्या दृष्टीने हे बरंच झालं. मगरीचं खरं कातडं असतं तर आंतरराष्ट्रीय परवान्यांचा आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न उभा राहिला असता. वस्तू जुनी आहे म्हणून तो आपोआप सुटत नाही.

१९७२ चाच दुसरा कायदा मात्र तुम्हाला लागू होईल, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. बाबांकडे कायमची ठेवणार असाल तर अडचण नाही. पुढेमागे परत न्यायचा विचार असेल तर येतानाच विमानतळावर कस्टम्सला दाखवा, खरेदीची पावती जवळ ठेवा आणि बाहेरून आणल्याचा कागद करून घ्या.

---

नवीपेठ

माझं मत जरा वेगळं आहे. वडिलांना भेट द्यायची तर झिजलेला पेला का द्यायचा? शेफील्डमध्ये अजून मुलामा देणारे कारागीर आहेत. चांदी चढवून घ्या, आतून सोन्याचा मुलामा करून घ्या. त्या माणसाने नवा घेतला तेव्हा तो चकाकतच होता ना? वस्तूला तिचं मूळ रूप देण्यात गैर काय?

---

ठसेवाचक

भावना समजते, पण नवा मुलामा नुसता वरून चढत नाही. आधी जुना काढावा लागतो, मग पृष्ठभाग बफच्या चाकावर घासून गुळगुळीत करावा लागतो. त्यात कोरलेली अक्षरं बोथट होतात, आणि तळावरचा ‘आर डी’ क्रमांक पुसट होतो. या फ्लास्कचं वय सांगणारा तेवढाच एक पुरावा आहे.

आणि ती झीज बघा कुठे आहे. काठाच्या एकाच बाजूला. म्हणजे पेला कायम एकाच बाजूने तोंडाला लागायचा.

---

रसायनी_मोहोपाडा

मुलाम्याबद्दल दोन शब्द. हा उद्योग बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटने उभा राहिला, पण कळीची युक्ती जॉन राइट नावाच्या तिथल्याच एका शल्यवैद्याची. चांदीचा थर नीट, घट्ट बसण्यासाठी पोटॅशियम सायनाइडचं द्रावण लागतं हे त्याने शोधलं. मुलाम्याच्या कारखान्यांत सायनाइडच्या हौदांशेजारी माणसं काम करत.

मुलाम्यानंतरची चकाकी शेफील्डमध्ये बहुतेक बाया काढत. त्यांना तिथे ‘बफर गर्ल्स’ म्हणत. फिरत्या चाकावर तेल आणि बारीक वाळूसारखी पूड लावून दिवसभर भांडी दाबून धरायची. अंगावर काळं चिकट उडायचं, म्हणून कपड्यांवरून तपकिरी कागद गुंडाळायचा आणि डोक्याला रुमाल बांधायचा. या पेल्यावरची मूळ चकाकी अशाच कुणाच्या तरी हातची असणार. माझंही मत, पुन्हा मुलामा नको.

साफ करायचंच तर मऊ सुती कापड आणि चांदीसाठीचं सौम्य पॉलिश, तेही वर्षाकाठी एखादवेळ. चिंच, राख, भांडी घासायची पावडर अजिबात नको. थर फार पातळ असतो. पॉलिश चामड्याला लागू देऊ नका, पेला काढून वेगळाच पुसा. आतल्या सोनेरी थराला पॉलिश नको, फक्त कोमट पाण्याचं कापड. तो थर शोभेपुरता नव्हता, मद्याने आणि आंबट पेयांनी चांदी डागाळू नये म्हणून देत.

बाटली धुताना बुडवू नका. धातूची मान काचेवर बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असते. गरम पाण्यात ते मऊ होतं आणि मान डुगडुगायला लागते. चामड्याचा धोका तर वर आलाच आहे. नरसाळ्याने आत थोडं कोमट पाणी, एक थेंब भांड्याचा साबण, हलवा, ओता, उलटी धरून वाळवा.

कुणी वापरायचं म्हणेल म्हणून : या काळातली चांगली काच बरेचदा शिशाची असते. मद्य त्यात साठवून ठेवलं की शिसं हळूहळू उतरतं, आणि जितका काळ ठेवाल तितकं जास्त. मी असल्या बाटलीत पाणीसुद्धा भरून ठेवणार नाही.

---

नवीपेठ

काठाची झीज एकाच बाजूला आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पटलं. मुलामा नको.

---

सातारी_लीड्समध्ये

नाहीच करणार. क्लुसेल मागवलं आहे, आधी आतल्या कडेला लावून बघेन.

एक शेवटचं. झाकणातली बुचाची चकती नवी बसवावी म्हणते, नाहीतर झाकण सैल राहतं आणि धातू काचेच्या तोंडावर आपटतो. बाटलीचं बूच कापून पाहिलं, ते कडेने तुटतं.

---

जुनी_बांधणी

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात विचारा. क्लॅरिनेटच्या सांध्यांवर लावायला नैसर्गिक बुचाचे पातळ, एकसंध तुकडे मिळतात, एक-दोन मिलिमीटरचे. ते कडेने तुटत नाहीत. जुना चुरा फेकू नका, छोट्या पाकिटात घालून फ्लास्कबरोबर ठेवा. नवी चकती डिंकाने किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावू नका. किंचित मोठी कापून नुसती दाबून बसवा, म्हणजे उद्या काढता येईल.

---

सातारी_लीड्समध्ये

दीड मिलिमीटरची मिळते आहे. चालेल की दोनच घेऊ?

---

जुनी_बांधणी

आधी दीडची घ्या. झाकण पाव वळशात बसायला जोर लागता कामा नये, नाहीतर ताण बिजागरीच्या खिळीवर येतो. सैल वाटलं तर तिच्याखाली आम्लरहित कागदाची एक चकती घाला. हे काम बाबांवरच सोपवा. घड्याळजीचा हात आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा नेटकं करतील.